सहा भाषा, पाच लिप्या: लाटेक जुळणीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आमची संगणकविषयक पुस्तिका इंग्रजीत तयार आहे, पीडीएफलाटेकवर बांधली जाते, म्हणजे लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीच्या पीडीएफ काढणाऱ्या प्रोग्रॅमने. आता तिच्या मराठी, हिंदी, बांगला, तमिळ, उर्दू आणि थाई आवृत्त्या काढायच्या आहेत. भाषांतरं बरीचशी हाती आली आहेत. अपेक्षा सरळ आहे: इंग्रजी वाचणाऱ्याला जे मिळतं ते सगळं या वाचकांनाही मिळालं पाहिजे. पान नीट दिसलं पाहिजे, पीडीएफमध्ये शब्द शोधला की सापडला पाहिजे, मजकूर कॉपी केला की तोच मजकूर हाती आला पाहिजे, स्क्रीन रीडरला तो वाचता आला पाहिजे, आणि सूचीत शब्द आपापल्या वर्णक्रमाने लागले पाहिजेत. यातलं काहीही 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवायचं नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं.

पीडीएफलाटेक इथे चालणार नाही. त्याच्या एका फॉन्टमध्ये २५६ ग्लिफच (छापायचे अक्षर-आकार) मावतात आणि ओपनटाइप फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम त्याला वाचता येत नाहीत. याच मर्यादेत राहून फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१ साली 'देवनाग' हा प्रीप्रोसेसर केला होता. मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा आणि प्रोग्रॅमने तो टेकच्या (लाटेकच्या पोटातल्या मूळ इंजिनाच्या) फॉन्टखुणांमध्ये उतरवायचा, अशी ती पद्धत. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकात आहे आणि तो तसाच राहायला हवा.

उरले दोन पर्याय, झीटेक आणि लुआलाटेक; दोन्ही युनिकोड आणि ओपनटाइप वाचणारे. झीटेक जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलं. २०१३ पासून त्याच्या आत अक्षरजुळणीसाठी हार्फबझ आहे. लुआलाटेकमध्ये हार्फबझ टेक लाइव्ह या वितरणाच्या २०२० च्या आवृत्तीपासून सहज मिळतं. सध्या दोन्ही शेजारी शेजारी चालवणार. भाषांसाठी बेबेल हे लाटेकचं पॅकेज घेतलं, कारण ते दोन्ही इंजिनांवर चालतं आणि मूळ फाइल एकच राहते.

९ जानेवारी

चाचणीचं पान केलं. त्यात निवडक शब्द आहेत: स्थिती, मूर्ती, क्लिष्ट, लक्ष्य, आर्द्र, कर्तृत्व, दऱ्या, ॲप, शिल्लक. मराठीत जिथे जिथे मोडू शकतं ते सगळं या नऊ शब्दांत आलं आहे. प्रत्येक भाषेच्या अनुवादकांकडून असंच एक पान मागवलं आहे. पुस्तिकेचं अख्खं प्रकरण बांधून त्यात बिघाड शोधत बसण्यापेक्षा अशा एका पानावर तो लगेच उघडा पडतो.

लुआलाटेकमध्ये फॉन्टस्पेकला (फॉन्ट नेमणाऱ्या पॅकेजला) नुसतं फॉन्टचं नाव दिलं आणि लिपी सांगितली नाही, तर 'स्थिती'चं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. स चा हलन्त उघडा पडतो, थ वेगळा उभा राहतो आणि पहिली वेलांटी अख्ख्या स्थ च्या डावीकडे यायच्या ऐवजी थ च्या उजवीकडे जाते. मजकुरात वेलांटीचा क्रमांक व्यंजनाच्या नंतरच असतो; ती उचलून आधी आणणं हे जुळणी करणाऱ्या इंजिनाचं काम. लिपी माहीत नसेल तर इंजिन ते काम हाती घेतच नाही. 'स्क्रिप्ट' पर्यायात देवनागरी आणि 'रेंडरर' पर्यायात हार्फबझ लिहिल्यावर नऊही शब्द बरोबर आले.

रेंडरर हार्फबझच ठेवायचा, याला आणखी एक कारण आहे. फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस हे सगळे हार्फबझच वापरतात. अनुवादकांना पडद्यावर जे दिसतं तेच पीडीएफमध्ये दिसेल, आणि फरक पडलाच तर शोधायची जागा आधीच आक्रसलेली असेल.

१० जानेवारी

'एचबी-शेप' ही आज्ञा सगळ्यांच्या यंत्रावर बसवून दिली. फॉन्ट आणि शब्द दिला की कोणते ग्लिफ कोणत्या क्रमाने निवडले ते ती छापते. तिथेच शब्द चुकीचा निघाला तर दोष फॉन्टचा किंवा मजकुराचा. तिथे बरोबर आणि पीडीएफमध्ये चूक, तर मग लाटेकची मांडणी तपासायची. या एका पायरीमुळे निम्मी चर्चा वाचेल.

१३ जानेवारी

मराठीच्या तिसऱ्या प्रकरणात ठिकठिकाणी 'ॲप' आणि 'ॲरे' या शब्दांत ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. अनुवादकाचा निरोप: "माझ्या एडिटरमध्ये व्यवस्थित दिसतंय, लाटेकचं काहीतरी बिनसलंय."

एचबी-शेपमध्येही वर्तुळ आलं, म्हणजे लाटेक सुटलं. मग मजकुराचे कोडपॉइंट, म्हणजे अक्षरांचे युनिकोड क्रमांक काढले. फाइलमध्ये अ (यू+०९०५) आणि त्यामागे चंद्राची खूण (यू+०९४५) असे दोन क्रमांक होते. युनिकोडने या स्वरासाठी स्वतंत्र क्रमांक दिला आहे, यू+०९७२. तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. अ ला चंद्र जोडून तेच अक्षर बनवू नये असं मानकात लिहिलेलं आहे, आणि हार्फबझ त्या सूचनेचं पालन करून मध्ये वर्तुळ घालतं. मजकुरात खोट आहे हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (समतुल्य रूपं एकाच ठरलेल्या रूपात आणणं) चालवून हे सुटत नाही. ही दोन रूपं मानकाच्या दृष्टीने समतुल्य नाहीतच, त्यामुळे एनएफसी त्यांना हात लावत नाही. स्वतंत्र नियम लिहावा लागतो. मराठी आणि हिंदी फाइलींसाठी छोटी स्क्रिप्ट लिहून बिल्डच्या (पुस्तिका बांधण्याच्या) आधी बसवली. ती मूळ फाइलच दुरुस्त करते, बांधताना तात्पुरता बदल करत नाही. नाहीतर दुरुस्त मजकूर फक्त पीडीएफमध्ये राहील आणि भाषांतराच्या साठ्यात जुनाच पडून राहील.

१४ जानेवारी

कालच्याच वाटेवर पुढे: 'दऱ्या', 'बऱ्याच', 'तऱ्हा' यांतला अर्धा र.

मराठीत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे वेगळे शब्द आहेत. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये हा दुसरा र लिहायच्या दोन रीती मान्य आहेत. एक, ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी). ही जुन्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली. दोन्ही छापल्यावर हुबेहूब सारख्या दिसतात.

आमच्या फाइलींमध्ये दोन्ही मिसळलेल्या होत्या, कारण अनुवादकांचे कीबोर्ड वेगवेगळे. आणि जोडकवाली रीत फारच नाजूक ठरते. मधल्या एका साधनाने 'अदृश्य अक्षरं' म्हणून सगळे जोडक पुसले, आणि 'दऱ्या' चा 'दर्या' झाला. डोंगरातून थेट समुद्रात. दिसायला शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीलाही तो सापडला नाही. मुद्रितशोधकाच्या नजरेने पकडला.

स्क्रिप्टमध्ये नियम घातला: मराठी फाइलीत र, हलन्त, जोडक असा क्रम आला की त्याचं ऱ आणि हलन्त करायचं. त्यानंतर एनएफसी, म्हणजे कुणी र ला नुक्ता देऊन ऱ बनवला असेल तर तोही यू+०९३१ मध्ये मिळून जाईल. हा नियम फक्त मराठीपुरता. उद्या नेपाळी आवृत्ती आली तर तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय लावायचा नाही. पुसून गेलेले जोडक कुठलीही स्क्रिप्ट परत आणू शकत नाही; ते शब्द हाताने तपासले.

२० जानेवारी

ल आणि श. मराठी पानावर ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येत होती. वाचता येतात, पण मराठी वाचकाला पान परकं वाटतं, आणि ते तसं वाटता कामा नये.

कोडपॉइंट एकच आहे, त्यामुळे मजकुरात काही करायचं नाही. आकार बदलतो तो फॉन्टमधल्या 'लोकल' या ओपनटाइप सोयीने, आणि ती चालू होते भाषेची खूण मिळाल्यावर. 'ओटीएफइन्फो' ला फॉन्टमधल्या लिप्या-भाषांची यादी विचारली. देवनागरीखाली मराठीची नोंद आहे. म्हणजे फॉन्टने तयारी ठेवली आहे, आपण भाषा सांगत नव्हतो. मराठी फॉन्ट थेट फॉन्टस्पेकने न देता 'बेबेलफॉन्ट' या आज्ञेने दिला, की लिपी आणि भाषा दोन्ही खुणा बेबेल स्वतःच पुढे देतं. ल, श जागेवर आले.

काही फॉन्टमध्ये ही नोंद नसते. तिथे भाषा सांगूनही काही फरक पडत नाही, लॉगमध्ये (बांधणीच्या नोंदींच्या फाइलीत) एक सूचना तेवढी येते. फॉन्ट निवडतानाच यादी बघायची.

२२ जानेवारी

तमिळ प्रकरणात एक संपूर्ण ओळ रिकामी. बिल्ड यशस्वी, पीडीएफ तयार, ओळ गायब. लॉगमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर'च्या ओळी होत्या, पण हजारो ओळींच्या लॉगमध्ये त्या कोण वाचणार? तमिळ मजकूर शीर्षकाच्या सॅन्स फॉन्टमध्ये गेला होता आणि त्या फॉन्टमध्ये तमिळ नव्हतं.

'ट्रेसिंगलॉस्टकॅरेक्टर्स' या टेकच्या मांडणीची किंमत ३ केली. टेक लाइव्ह २०२१ पासून ही किंमत दिली की गहाळ अक्षर नुसती सूचना राहत नाही, त्रुटी होते आणि बिल्ड थांबतं. बहुभाषी कामात ही ओळ प्रस्तावनेत (लाटेक फाइलीच्या सुरुवातीच्या आज्ञांमध्ये) पहिली असावी असं माझं ठाम मत आहे. एखादा शब्द गाळून छापलेली पुस्तिका वाचकाच्या हाती जाण्यापेक्षा बिल्ड थांबलेलं शतपटीने बरं.

प्रत्येक भाषेला सेरिफ, सॅन्स आणि टंकलेखन असे तिन्ही कुटुंबांचे फॉन्ट नेमून दिले.

२७ जानेवारी

बांगलाच्या संपादकांनी कळवलं: दंड जाड दिसतोय आणि ओळीतून किंचित वर गेल्यासारखा वाटतो.

हा बिघाड मला फार बोलका वाटला. पूर्णविरामाचा दंड (यू+०९६४) युनिकोडमध्ये देवनागरीच्या पट्ट्यात आहे, पण तो देवनागरीच्या एकट्याच्या मालकीचा नाही. बांगला, ओडिया अशा इतर लिप्याही तोच वापरतात. मानकात त्याची लिपी 'सामाईक' अशीच नोंदवली आहे. आमच्या सामाईक प्रस्तावनेत लुआओटीएफलोडची (लुआलाटेकमध्ये फॉन्ट भरणाऱ्या पॅकेजची) फॉलबॅक साखळी होती: आधी लॅटिन फॉन्ट, त्यात अक्षर नसेल तर देवनागरी, मग बांगला, मग तमिळ. बांगला अक्षरं बरोबर तिसऱ्या फॉन्टमधून येत होती, पण दंड दुसऱ्यातच सापडत होता, म्हणून तिथूनच उचलला जात होता. वाक्य बांगला फॉन्टमध्ये, त्याचा शेवट देवनागरीमध्ये.

फॉलबॅक साखळी काढून टाकली. आता प्रत्येक भाषेचा मूळ फॉन्ट तिचा स्वतःचा, आणि लॅटिन आज्ञांसाठी स्पष्टपणे भाषा बदलायची. लिहायला थोडं जास्त पडतं, पण कोणतं अक्षर कुठून आलं हे आता अंदाजाने सांगावं लागत नाही. झीटेकवर अक्षरांच्या पट्ट्यानुसार फॉन्ट बदलणारी पॅकेजं आहेत, त्यांनाही दंडाचा हाच अडसर येतो, म्हणून तिकडे गेलोच नाही.

३० जानेवारी

आकडे. पृष्ठक्रमांक, प्रकरण क्रमांक, आकृत्यांचे क्रमांक मराठीत १, २, ३ असेच हवेत. बेबेलमध्ये यासाठी दोन वेगळ्या सोयी आहेत. 'मॅपअरेबिक' फक्त लाटेकच्या स्वतःच्या मोजणीचे आकडे बदलतं. 'मॅपडिजिट्स' त्या भाषेच्या मजकुरातला प्रत्येक आकडा बदलतं, आणि ते लुआटेकवरच (लुआलाटेकच्या आतल्या इंजिनावरच) चालतं.

दुसरी सोय आधी मोहक वाटते. पण आमच्या पुस्तिकेत आवृत्ती क्रमांक आहेत, पोर्ट क्रमांक आहेत, त्रुटी संकेत आहेत. वाचक ते जसेच्या तसे टंकणार आहे. पानावरून बघून त्याने देवनागरी आकडे टंकले तर आज्ञा चालणार नाही. म्हणून 'मॅपअरेबिक' घेतलं. वाक्यातले आकडे अनुवादकाने अर्थ पाहून लिहायचे. 'पायरी ३' देवनागरीत, पोर्टचा क्रमांक मूळ रूपात.

४ फेब्रुवारी

इंग्रजी आवृत्तीत प्रकरणांची शीर्षकं अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून छापली आहेत. तीच शैली देवनागरीला लागली आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. प्रत्येक ग्लिफनंतर फट, काना व्यंजनापासून सुटलेला. उर्दूत तर अक्षरं जोडूनच लिहायची असतात, तिथे शब्दच विस्कटला. 'लेटरस्पेस' लॅटिनपुरतं ठेवलं. बाकीच्या लिप्यांत शीर्षकं आकाराने आणि जाडीने वेगळी केली.

तिरपा ठसाही काढला. नोटो या फॉन्टकुटुंबाच्या देवनागरीत तिरपा प्रकार नाही. लाटेक सूचना देऊन सरळच अक्षर वापरतं, म्हणजे लेखकाने ज्या शब्दावर जोर दिला तो जोर वाचकापर्यंत पोचतच नाही. देवनागरी, बांगला आणि तमिळमध्ये 'एम्फ' (जोर देण्याची आज्ञा) म्हणजे ठळक, असं ठरवलं.

फॉन्टचा आकार लॅटिनशी जुळवायला 'मॅचलोअरकेस' आहे, पण देवनागरीत लहान लिपी नसल्याने त्या मापाला अर्थ नाही. छापून, शेजारी ठेवून, डोळ्यांनी प्रमाण ठरवलं.

७ फेब्रुवारी

कोडच्या चौकटींमध्ये मराठी टिप्पण्या आहेत आणि त्यातली अक्षरं जागा बदलून येत होती. 'लिस्टिंग्ज' पॅकेज अक्षरांचे वर्ग करून शब्द गोळा करतं आणि २५५ च्या पुढचे क्रमांक त्याच्या हिशेबात नाहीत. ती अक्षरं आधीच छापून मोकळी होतात. कोडच्या चौकटी 'मिंटेड' या दुसऱ्या पॅकेजवर हलवल्या. तिथे टंकलेखन फॉन्टमध्ये देवनागरी असावी लागते. ती २२ जानेवारीच्या नेमणुकीत आलीच आहे.

११ फेब्रुवारी

उर्दू सुरू. फॉन्ट नोटो नस्तालिक. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो, त्यामुळे ओळीला बरीच उंची लागते. इंग्रजीचं ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचे शेवट खालच्या ओळीच्या नुक्त्यांवर आदळतात. अंतर वाढवलं, पानं वाढली. त्याबद्दल तक्रार नाही, लिपीला लागते तेवढी जागा द्यायलाच हवी.

१३ फेब्रुवारी

उजवीकडून डावीकडे. यासाठी लुआलाटेक आणि बेबेलचं 'बिडी' हे 'बेसिक' ठेवलं, म्हणजे युनिकोडची द्विदिशा रीत आपोआप लागते. झीटेकवर प्रत्येक दिशाबदल हाताने सांगावा लागतो. अनुवादकाकडून ती अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

तरी एक प्रकार आपोआप सुटत नाही. वाक्यात आज्ञेचा पर्याय आला, समजा दोन आडव्या रेघा आणि पुढे 'हेल्प' हा लॅटिन शब्द. लॅटिन अक्षरांची दिशा ठरलेली आहे, पण सुरुवातीच्या रेघांना स्वतःची ठाम दिशा नाही. भोवती उर्दू असल्याने त्या उर्दूची दिशा घेतात आणि शब्दाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. वाचकाला पर्यायाच्या शेवटी दोन रेघा दिसतात. शेवटी कंस किंवा तिरपी रेघ असलेल्या फाइल-पत्त्यांचंही तेच होतं.

उपाय: आज्ञा, पर्याय, फाइलचं नाव यांसाठी एकच मॅक्रो (आपण बनवलेली आज्ञा), आणि त्याच्या पोटात भाषा बदलून इंग्रजी. रेघा आता डावीकडून उजवीकडच्या तुकड्यातच अडकतात. हा मॅक्रो सहाही भाषांना लावला. मराठीत त्यामुळे आणखी एक फायदा झाला: आज्ञेतल्या शब्दांवर मराठीचे शब्दतोडणीचे किंवा आकड्यांचे नियम कधीच लागणार नाहीत.

२० फेब्रुवारी

थाई. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, त्यामुळे टेकला ओळ कुठे मोडायची ते कळत नाही. परिच्छेद समासाबाहेर धावतो. झीटेककडे आयसीयू या युनिकोड लायब्ररीची शब्दकोशावर आधारलेली ओळमोड आहे. बेबेल लुआटेकवरही थाई मोडतं, पण तिथले नियम वेगळे आहेत. दोन्हींचं एकेक प्रकरण छापून थाई अनुवादकांना पाठवलं. त्यांनी झीटेकची तोड पसंत केली, आणि शब्द मधोमध कुठे तुटला ते लाल शाईने दाखवून दिलं. थाई झीलाटेकवर (झीटेकवर चालणाऱ्या लाटेकवर), बाकी पाच लुआलाटेकवर. एकाच इंजिनाचा हट्ट धरण्यात वाचकाचा काही फायदा नाही.

२५ फेब्रुवारी

बिल्ड सर्व्हरवर ठळक मजकूर साधाच येत होता, माझ्या यंत्रावर ठळक. 'पीडीएफफॉन्ट्स' ने दोन्ही पीडीएफमधले फॉन्ट काढले: नाव तेच, फाइल वेगळी. सर्व्हरच्या वितरणात नोटो हा व्हेरिएबल फॉन्ट म्हणून होता, म्हणजे एकाच फाइलीत सगळ्या जाड्या. टेक इंजिनांचा त्यासाठीचा आधार अपुरा आहे. झीटेकच्या मागे पीडीएफ लिहिणारा प्रोग्रॅम तर मूळ जाडीच उचलतो.

आता फॉन्ट नावाने मागायचाच नाही. स्थिर फॉन्ट फाइली प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या, फॉन्टस्पेकला रस्ता आणि फाइलचं नाव दिलं, साधा आणि ठळक वेगळे सांगितले. झीटेक फॉन्टचं नाव यंत्रणेच्या फॉन्टकॉन्फिगमध्ये शोधतं, लुआओटीएफलोड स्वतःची वेगळी यादी ठेवतं. दोन इंजिनं वापरताना नावावर विसंबणं म्हणजे दोन वेगळ्या उत्तरांची तयारी ठेवणं.

३ मार्च

सगळ्यात जास्त वेळ आज गेला, आणि तो जायलाच हवा होता. पानं सुंदर दिसत आहेत. पण पीडीएफच्या आत मजकूर काय आहे?

पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, ग्लिफ असतात, ते ज्या क्रमाने कागदावर येतात त्या क्रमाने. 'किल्ली' शब्दात वेलांटी आधी छापली जाते, मग क. ग्लिफवरून अक्षराकडे जायचा तक्ता प्रत्येक ग्लिफमागे एकेक असतो, त्याला क्रम बदलता येत नाही. म्हणून कॉपी केल्यावर वेलांटी आधी आणि क नंतर असा शब्द हाती येतो. 'किल्ली' शोधलं तर सापडत नाही. स्क्रीन रीडर काहीतरी भलतंच वाचतो. पान बघून याचा पत्ता लागत नाही. ज्याला पान दिसतच नाही, त्या वाचकाची मात्र तिथेच अडवणूक होते.

यावरचा उपाय म्हणजे पीडीएफमधली 'ॲक्च्युअलटेक्स्ट' ही खूण: या ग्लिफांच्या गटाचा खरा मजकूर हा. लुआलाटेकच्या हार्फबझ रीतीत, जिथे साधा तक्ता अपुरा पडतो तिथे ही खूण आपोआप घातली जाते. झीटेकमध्ये 'झीटेकजनरेटॲक्च्युअलटेक्स्ट' ची किंमत १ करावी लागते. थाई आवृत्तीत ती केली. पीडीएफ दाखवणारा प्रत्येक प्रोग्रॅम ही खूण मानतोच असं नाही, पण फाइलीत ती असणं आपल्या हातात आहे.

तपासणी हाताने होण्यासारखी नाही. बिल्डनंतर 'पीडीएफटूटेक्स्ट' चालवतो, निघालेला मजकूर एनएफसी करतो, शब्द सुटे करतो आणि मूळ फाइलींच्या शब्दयादीशी ताडून बघतो. पीडीएफमध्ये असलेला पण मूळ यादीत नसलेला शब्द दिसला की बिल्ड लाल. पहिल्याच वेळी शीर्षकांतले शब्द पडले. तिथल्या फॉन्टच्या नोंदीत रेंडरर लिहिलेला नव्हता, त्यामुळे शीर्षकं अजून जुन्याच रीतीने जुळत होती. जोडाक्षरं बरोबर येत असल्यामुळे नजरेला काहीच खटकलं नव्हतं. नोंद पूर्ण केली, शीर्षकं पास.

१० मार्च

सूची. ती लावणाऱ्या मेकइंडेक्स या प्रोग्रॅमला युनिकोड कळत नाही, ते बाइटच्या क्रमाने लावतं. देवनागरीत त्याचा परिणाम असा की ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, आणि त्यापुढे क्ष, ज्ञ. बाइटच्या क्रमाने 'वेळमर्यादा' आधी आणि 'वेष्टन' नंतर लागतं. मराठी वाचक 'वेळमर्यादा' नंतर शोधणार आणि ती नाही असं समजून पान मिटणार.

'अपमेंडेक्स' घेतलं. ते आयसीयूने क्रम लावतं. शैलीच्या फाइलीत भाषा सांगता येते किंवा 'आयसीयू-रूल्स' मध्ये स्वतःचे नियम देता येतात. मी नियमच लिहून दिले: ह < ळ < क्ष < ज्ञ. भाषेच्या तयार नियमांवर सोडता आलं असतं, पण क्रम प्रकल्पाच्या फाइलीत लिहिलेला असला की पुढच्या माणसाला तो वाचताही येतो आणि त्यावर वादही घालता येतो.

सूची बघताना जानेवारीतल्या सफाईचं मोल आणखी कळलं. मराठी सूचीत 'ॲप' एकदाच आहे आणि त्यासमोर सगळे पृष्ठक्रमांक आहेत. हिंदीच्या दोन प्रकरणांवर स्क्रिप्ट चाललेली नव्हती. तिथे दिसायला एकसारख्या दोन नोंदी एकाखाली एक आल्या, निम्मी पानं एकीकडे, निम्मी दुसरीकडे. स्क्रिप्ट चालवली, नोंदी मिळाल्या.

१४ मार्च

सहाही पीडीएफ बिल्डमधून हिरवे. उर्दूच्या तक्त्यांमध्ये स्तंभांचा क्रम अजून इंग्रजीसारखा डावीकडून लागतो आहे. बेबेलच्या 'लेआउट' मध्ये 'टॅब्युलर' जोडून पहिला तक्ता बरोबर आला. दुसऱ्या तक्त्यात एकत्र केलेले रकाने आहेत, त्याचं किमान उदाहरण वेगळं काढून ठेवलं आहे. तमिळच्या अनुवादकांनी सूचीच्या क्रमाबद्दल चार शब्द पाठवले आहेत, त्यांचे नियम सोमवारी शैलीच्या फाइलीत घालायचे.